हे दान नव्हे, देणे आहे

परदेशी मालाच्या चढाओढीमुळे ज्यांची नोकरी गेली त्या कामगारांस सरकारी साहाय्य देण्याची जी व्यवस्था अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत साठ वर्षे चालू होती, तिची मुदत १ जुलै २०२२ रोजी सरली, आणि त्या दिवसापासून नव्या अर्जांस मंजुरी देण्याचे काम थांबले. ती व्यवस्था कोणी समारंभाने रद्द केली नाही. विधिमंडळाने मुदत वाढविली नाही, एवढेच घडले. कर्ज फेडले नाही, फक्त वहीचे पान उलटले, असा हा प्रकार होय.

परक्या देशातील या उलाढालीशी आम्हांस काय कर्तव्य, असे आमचे काही वाचक विचारतील. त्यांस आमचे उत्तर असे की, कापड हा ज्यांचा व्यापार आहे, किंवा ज्यांच्या शेजारी गिरणीचा भोंगा एके काळी वाजत होता, त्यांना हा प्रश्न परका नाही. स्वस्त परदेशी माल देशात आला म्हणजे त्याचा लाभ लाखो गिऱ्हाइकांस थोडा थोडा होतो, आणि त्याचा तोटा थोड्या हजार कुटुंबांवर एकदम व संपूर्ण पडतो. लाभ घेणाऱ्याने तोटा सोसणाऱ्याचे काही देणे लागते की नाही, हा मूळ प्रश्न आहे. लागते असे आमचे मत आहे. आणि ते देणे फेडण्याच्या अटी जर ऋणको स्वतःच ठरवू लागला, तर धनकोची काय गत होते, याचा दाखला अमेरिकेच्या कायद्याइतका स्पष्ट दुसरीकडे क्वचितच सापडेल.

या कल्पनेचा उगम कामगारांच्या बाजूनेच झाला. पोलाद कामगारांच्या संघाचे अध्यक्ष डेव्हिड मॅक्डोनाल्ड यांनी १९५४ साली सरकारी आयोगापुढे अशी सूचना मांडली की, जकाती कमी करावयाच्या असतील तर त्यामुळे बाधित होणाऱ्यांची सोय सरकारने लावावी. अध्यक्ष केनेडी यांनी १९६२ च्या व्यापारवृद्धीच्या कायद्यात ती स्वीकारली. 'ट्रेड ॲडजस्टमेंट असिस्टन्स' या नावाने ती ओळखली जाऊ लागली. यातला सौदा सरळ होता. परदेशांशी व्यापार वाढविण्यास कामगारांनी विरोध करू नये, आणि त्या व्यापारात जो कामगार चिरडला जाईल त्यास सरकारने भत्ता, नवे शिक्षण व नव्या गावी जाण्याचा खर्च द्यावा. कामगारांनी आपली बाजू पाळली. सरकारने आपली कशी पाळली ते पाहण्यासारखे आहे.

कायद्याच्या अभ्यासकास ठाऊक असते की, उदार हेतूचा गळा बहुधा एखाद्या विशेषणानेच आवळला जातो. १९६२ च्या कायद्यात दोन साखळ्या जोडून दाखवाव्या लागत. जकातीतील सवलत हे आयात वाढण्याचे मुख्य कारण असले पाहिजे, ही पहिली. ती वाढलेली आयात हेच नोकरी जाण्याचे मुख्य कारण असले पाहिजे, ही दुसरी. आता गिरणी बुडते तेव्हा ती एका कारणाने क्वचितच बुडते. यंत्रे जुनी झालेली असतात, सावकार मागे लागलेला असतो, गिऱ्हाइकाची आवड पालटलेली असते, आणि त्यातच परदेशी माल निम्म्या भावाने येऊन पडतो. या सर्वांतून 'मुख्य' कारण वेगळे काढून दाखविण्याचा भार ज्या विणकऱ्यावर घातला, त्यास आपल्या मालकाचे हिशेबसुद्धा पाहावयास मिळत नसत. याचा परिणाम असा झाला की, कायदा होऊन सात वर्षे लोटली तरी, म्हणजे १९६९ च्या नोव्हेंबरापर्यंत, कामगारांचा एकही अर्ज मंजूर झाला नाही. कायदा पुस्तकात होता, आणि कामगार त्याच्या दाराशी उपाशी उभा होता. शेळीच्या गळ्याला लोंबणारे सड दिसतात, पण त्यांतून दूध येत नाही. त्यातलीच ही गत.

१९७४ साली 'मुख्य' हा शब्द गेला. आयातीने महत्त्वाचा हातभार लावला असला म्हणजे पुरे, ती इतर सर्व कारणांहून मोठी असलीच पाहिजे असे नाही, अशी नवी व्याख्या आली. जकातीच्या सवलतीची साखळीही तोडण्यात आली, आणि निर्णय मजूर खात्याकडे गेला. एका शब्दाच्या बदलाने हजारो घरांत चूल पेटली. परंतु दाराला जुनी कडी नसली तरी नव्या कड्या होत्याच. अर्जाच्या तारखेच्या एक वर्षाहून आधी ज्याची नोकरी गेली, तो बाहेर राहिला. कापडाची गिरणी परदेशी मालाने बंद पडली तर तिच्या विणकऱ्यास साहाय्य, पण त्या गिरणीस सूत पुरविणारी शेजारची सूतगिरणी त्याच घावाने बसली तर तिच्या कामगारास नाही, असा न्याय दीर्घकाळ चालला. त्या पुरवठादार गिरण्यांच्या कामगारांस मूळ व्यवस्थेत सरसकट स्थान मिळावयास २००२ साल उजाडावे लागले. सुताविना कापड होत नाही, हे विधिमंडळास उमजण्यास चाळीस वर्षे लागली!

या २००२ च्या सुधारलेल्या कायद्याची परीक्षा लगेच पुढल्या वर्षी झाली. उत्तर कॅरोलिना संस्थानात कॅनापोलिस नावाचे गाव आहे. जेम्स विल्यम कॅनन यांनी १९०६ साली तेथे जमीन घेऊन टॉवेलांची गिरणी उभारली आणि गिरणीभोवती गाव वसविले. घरे गिरणीची, रस्ते गिरणीचे. गावाला स्वतःची नगरपालिका मिळाली ती १९८४ साली. कॅननचा टॉवेल अमेरिकेत घरोघरी गेला. आजोबा, बाप आणि नातू एकाच खात्यात काम केलेली कुटुंबे तेथे होती. परळ-लालबागच्या माणसास या गावाचे वर्णन समजावून सांगण्याची गरज नाही.

पुढे ही गिरणी एका हातातून दुसऱ्या हातात गेली, आणि शेवटी 'पिलोटेक्स' या कंपनीच्या मालकीची झाली. कर्जाच्या ओझ्याखाली ही कंपनी २००० साली दिवाळखोरीत गेली, त्यातून २००२ साली कशीबशी बाहेर आली, आणि ३० जुलै २००३ रोजी तिने आपले सोळा कारखाने एकदम बंद केले. सुमारे ६,४५० माणसे त्या दिवशी बेकार झाली. त्यांपैकी सुमारे ४,८०० एकट्या उत्तर कॅरोलिनातील होती. त्या संस्थानाच्या इतिहासात एका दिवसात इतकी मोठी बेकारी पूर्वी झाली नव्हती. पगाराबरोबर कंपनीने दिलेला आरोग्यविमाही गेला. कर्ज हे एक कारण होते, स्वस्त आयात हे दुसरे. १९६२ च्या शब्दाने पाहिले असते तर या कामगारांच्या हाती काय पडले असते याचा तर्क वाचकांनीच करावा.

सुदैवाने काळ बदलला होता, आणि साहाय्य मंजूर झाले. ते कागदावर लहान नव्हते. बेकारीचा नेहमीचा भत्ता संपल्यावर, शिक्षण घेणाऱ्यास पुढेही भत्ता मिळे. दोन्ही मिळून १०४ आठवडे, आणि ज्यास प्राथमिक उणीव भरून काढावयाची आहे त्यास आणखी २६. आरोग्यविम्याच्या हप्त्यापैकी शेकडा ६५ सरकार भरणार. पन्नाशी उलटलेल्याने कमी पगाराची नोकरी पत्करली तर जुन्या व नव्या पगारातील फरकाची निम्मी भरपाई, दोन वर्षांत जास्तीत जास्त १०,००० डॉलरपर्यंत. एवढे ऐकून कोणीही म्हणेल की, याहून अधिक काय हवे?

पण कायदा लिहिणाऱ्याच्या डोळ्यासमोर जो कामगार असतो तो, आणि गिरणीच्या दारातून बाहेर पडतो तो, हे दोघे निराळे असतात. या गावच्या कामगारांपैकी सुमारे निम्म्यांचे माध्यमिक शिक्षण पुरे झालेले नव्हते. बरेचसे पन्नाशीच्या आसपासचे होते. त्यांनी चौदा-पंधरा वर्षांच्या वयात शाळा सोडली ती गिरणी कायम आहे या भरवशावर. अशा माणसाने प्रथम शाळेची परीक्षा द्यावी, मग कॉलेजात धंद्याचे शिक्षण घ्यावे, आणि हे सर्व भत्त्याचे आठवडे संपण्यापूर्वी! शिवाय नाव घालण्यास मुदत होती. मंजुरीपासून आठ आठवडे किंवा नोकरी सुटल्यापासून सोळा आठवडे, यांत जी तारीख नंतर येईल तोपर्यंत शिक्षणास लागले नाही, किंवा त्यातून रीतसर सूट मिळाली नाही, तर भत्त्यावरचा हक्क जाई. ज्याचे घर कालच कोसळले त्यास सोळा आठवड्यांत नवा जन्म निवडावयास सांगणे, याला धोरण म्हणावे की थट्टा? विम्याचे उरलेले शेकडा ३५ तरी बेकार माणसाने कोठून भरावेत? ही सवलत थोड्याच लोकांनी घेतली यात नवल नाही.

गावच्या सार्वजनिक कॉलेजाने मोठ्या संख्येने या कामगारांस वर्गात घेतले, आणि तेथील शिक्षकांचे श्रम थोर होते. काहींनी रुग्णसेवा, काहींनी यंत्रदुरुस्ती शिकून नवे आयुष्य उभे केले. गिरणीच्या इमारती पाडून त्या जागी शास्त्रीय संशोधनाचे विस्तीर्ण आवार उभारण्याचा बेत २००५ साली जाहीर झाला, आणि तो अमलात आला. गावाचा कायापालट झाला असे म्हणता येईल. मात्र तीस वर्षे टॉवेलाच्या कडा शिवलेल्या बाईस प्रयोगशाळेत जागा मिळते काय? जागेचे पुनर्वसन झाले. माणसाचे झाले असे छातीठोकपणे सांगता येत नाही.

यावर नेहमीचा आक्षेप असा की, अशा साहाय्याने माणूस आळशी होतो आणि शिक्षणावरचा पैसा वाया जातो. या आक्षेपास आधार नाही असे आम्ही म्हणत नाही. सरकारने करविलेल्या व २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत साहाय्य घेतलेल्यांची मिळकत चार वर्षांनीही इतर तशाच बेकारांच्या मागे असल्याचे दिसले. पण पुढे २०१८ साली बेंजामिन हायमन यांनी अधिक काटेकोर तुलना केली. अर्ज कोणत्या तपासनिसाच्या हाती पडतो यावर मंजुरी पुष्कळदा अवलंबून असे. कडक तपासनिसाकडे गेलेले व सौम्य तपासनिसाकडे गेलेले कामगार इतर बाबतींत सारखेच. त्यांची तुलना करता मंजुरी मिळालेल्यांनी दहा वर्षांत सुमारे ५०,००० डॉलर अधिक मिळविले असे आढळले. म्हणजे साहाय्य उपयोगी पडते. पण ते मिळणे न मिळणे हा तपासनिसाच्या स्वभावाचा खेळ होता, हेही त्याच संशोधनाने उघडे केले. ज्या न्यायालयात न्यायाधीश बदलताच निकाल बदलतो, त्याला आम्ही वकील लोक काय म्हणतो हे सांगावयास नको.

शिवाय साहाय्य नाकारल्याने सरकारचा पैसा वाचतो हाही भ्रम आहे. ऑटर, डॉर्न व हॅन्सन या अर्थशास्त्रज्ञांनी २०१३ साली दाखविले की, चिनी मालाचा मारा ज्या जिल्ह्यांवर अधिक झाला, तेथे अपंगत्वाचे भत्ते, लवकर घेतलेली निवृत्तिवेतने व सरकारी वैद्यकीय मदत यांवरचा खर्च वाढला. त्यापुढे या खास साहाय्यावरील वाढ नगण्य होती. धडधाकट हाताला काम शिकविण्यास पैसा नाही. तोच हात निकामी ठरल्यावर मात्र जन्मभर पोसावयाचा, यास शहाणपणा म्हणत नाहीत.

यात हक्काचा प्रश्न कोठे येतो, असे विचारणाऱ्यांस एक साधा दृष्टांत देतो. रेल्वेसाठी शेतकऱ्याची जमीन घेतली तर सरकार त्यास भरपाई देते. रेल्वे हेच तुझ्या दारिद्र्याचे मुख्य कारण आहे हे आधी सिद्ध कर, असे त्यास कोणी म्हणत नाही. सार्वजनिक हितासाठी त्याचे जे घेतले त्याचे मोल द्यावयाचे, हे तत्त्व सुधारलेल्या सर्व देशांनी मानले आहे. कामगाराची जमीन म्हणजे त्याच्या हाताचे कसब. राष्ट्राच्या हितासाठी जकात उतरविली आणि ते कसब एका दिवसात मातीमोल झाले, तर त्याचे मोल मागणे ही याचना कशी?

यंत्राचे मोल मात्र सरकारांस चटकन कळते. ज्या लँकेशायरने एकोणिसाव्या शतकात आमच्या हातमागास देशोधडीस लावले, ज्याच्या समाधानासाठी हिंदी गिरण्यांच्या कापडावर शेकडा साडेतीन अबकारी कर १८९६ पासून १९२५ पर्यंत लादला गेला, त्याच लँकेशायरवर पुढे हिंदुस्थान, पाकिस्तान व हाँगकाँग येथील कापड चालून गेले. तेव्हा ब्रिटिश सरकारने १९५९ साली कायदा करून गिरणीमालकांस जुनी यंत्रे मोडीत काढण्याबद्दल भरपाई देवविली, आणि तिचे दोन तृतीयांश सरकारी तिजोरीतून भरले. सुमारे निम्म्या चात्या मोडीत गेल्या. पण कामगारांची भरपाई? ती धंद्यानेच आपसात वर्गणी करून द्यावी, तिजोरीवर तिचा भार नको, असे ठरले. लोखंडाला सरकार वाली, आणि माणसाला मात्र वर्गणी! आमच्या विणकऱ्यांस तर शतकापूर्वी तीही मिळाली नव्हती. म्हणून लँकेशायरच्या कामगाराची स्थिती पाहून आम्हांस आनंद होत नाही. घाव कोणत्या बाजूने येतो एवढाच फरक, तो पडतो त्याच हातावर.

आता आपल्या घरी पाहू. मुंबईच्या गिरण्या परदेशी मालाने बुडाल्या असे म्हणणे खरे होणार नाही. यंत्रमागांची चढाओढ, जीर्ण यंत्रे, १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेला सुमारे अडीच लाख कामगारांचा संप, आणि गिरणीपेक्षा गिरणीखालच्या जमिनीस आलेला भाव, ही तेथील कारणे. पण साहाय्याची कथा तीच. केंद्र सरकारने सप्टेंबर १९८६ मध्ये कापडकामगार पुनर्वसन निधी योजना काढली. तिच्यात पहिल्या वर्षी वेतनाच्या शेकडा ७५, दुसऱ्या वर्षी ५० व तिसऱ्या वर्षी २५ इतका तात्पुरता आधार मिळे. आमच्याकडील कळीचा शब्द होता 'बंद'. सर्व साचे थांबले, भोंगा मुका झाला, दाराला गंज चढला, तरी कायद्याच्या रीतीने गिरणी बंद ठरली पाहिजे, त्यावाचून हात पुढे करता येत नसे. पाच वर्षांची सलग नोकरी आणि पगाराची मर्यादा या अटी निराळ्याच. अमेरिकेत 'मुख्य', येथे 'बंद'. भाषा दोन, पण युक्ती एक. ही योजनाही १ एप्रिल २०१७ पासून दुसऱ्या एका योजनेत विलीन करण्यात आली.

आमच्या व्यापारी वाचकांस शेवटी एक हिशेबाची गोष्ट सांगावयाची आहे. अमेरिकेच्या बाजारात जे टॉवेल व चादरी विकल्या जातात त्यांत हिंदी मालाचा वाटा मोठा आहे, आणि सोलापूरचा टॉवेलधंदा परदेशी गिऱ्हाइकावर नजर ठेवून आहे. आपल्या मालाने तेथील कोणाची तरी जागा घेतली आहे, यात आपला अपराध नाही. तथापि ज्याची जागा गेली त्यास त्याच्याच सरकारने वाऱ्यावर सोडले, तर त्याचा संताप सरकारावर न जाता मालावर जातो. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने हिंदी मालावरील जकातीचा एकंदर बोजा पन्नास टक्क्यांवर नेला, तेव्हा त्याची कारणे राजकीय होती व अनेक होती. पण जकातीची भिंत उंच करणाऱ्या पुढाऱ्यास टाळ्या वाजविणारे लोक जमतात ते कॅनापोलिससारख्या गावांत, हे विसरून चालणार नाही. बेकार कामगारास वेळेवर दिलेला भत्ता हा व्यापाराचाच विमा आहे. ज्याने तो हप्ता चुकविला त्याच्या पेठेला आग लागली तर नवल काय?

आमचे सरकारही परदेशांशी व्यापाराचे करार करीत आहे. जुलै २०२५ मध्ये ब्रिटनशी करार झाला. असे करार व्हावेत, आमचा त्यांस विरोध नाही. पण करारावर शाई वाळण्यापूर्वीच त्याच्या धक्क्याची तरतूद व्हावी. ती करताना चार गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. पहिली, पुरावा कामगाराकडे मागू नये. एखाद्या धंद्यात आयात ठरावीक प्रमाणाबाहेर वाढली की त्या धंद्यातील व त्यास माल पुरविणाऱ्या कारखान्यांतील प्रत्येक बेकार झालेला माणूस पात्र समजावा, आणि तसे नाही हे दाखविण्याचा भार सरकारवर असावा. दुसरी, साहाय्याचा आरंभ कारखाना डळमळू लागताच व्हावा, शेवटच्या भोंग्यानंतर नव्हे. वरातीमागून घोडे आणून लग्न लागत नाही. तिसरी, तरुणास शिक्षण आणि तोवर पोटगी, पण पन्नाशीच्या माणसास शाळेच्या बाकावर न बसविता पगारातील तूट भरून द्यावी व त्याच्या कुटुंबाच्या औषधपाण्याची सोय तुटू देऊ नये. चौथी, या कायद्यास मुदत नसावी, आणि त्याचा खर्च आयातीवरच्या जकातीतून वेगळा काढून ठेवावा, म्हणजे ज्या दाराने तोटा आत येतो त्याच दारातून भरपाईही येईल.

स्वस्त कापड सर्वांस हवे, आम्हांसही हवे. परंतु त्याची राहिलेली किंमत कोणी तरी दुसऱ्याच गावात चुकती करीत असतो. ती किंमत आपल्या वहीत देणे म्हणून लिहिण्याचा प्रामाणिकपणा व्यापारी दाखवितो तेव्हा त्याची पत वाढते. सरकारची पतही त्याच रीतीने वाढेल, दुसऱ्या कोणत्याही नाही.